रेंज नसलेली गावं

मार्च अर्धा सरला की माझ्या लेकाच्या, परागच्या घरात वाळवंटाचा विषय निघतोच. अमेरिकेतल्या ह्या बेलव्ह्यूचा पाऊस ऑक्टोबरात जो टिपटिप सुरू होतो तो कोणाचं ऐकत नाही. रस्त्याकडेच्या चेरीला फुलं येतात, तीही भिजलेलीच. अंगण शेवाळतं, छप्पर शेवाळतं, माणसंही जरा शेवाळतातच. मग एका शनिवारी टीव्हीवर नेवाडाचा नकाशा लागतो आणि ही आयटीतली पोरं त्या पिवळ्या-करड्या डोंगरांकडे अशी टक लावून बसतात की बाप्पा, वाढलेलं ताट गार होतं तरी शुद्ध नसते. यंदाही नकाशा लागला. फक्त यंदा पराग म्हणाला, "ह्या वेळी समुद्रावर जाऊ या ना यार." त्याचा मित्र मंदार, त्याला आश्चर्य वाटलं. "अरे, घोस्ट टाउन्सचं, त्या ओस पडलेल्या गावांचं वेड तुलाच ना?" पराग रिमोट शोधायला लागला. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. तो समुद्र काहून म्हणतोय, हे त्या घरात त्याच्याशिवाय फक्त मला ठाऊक आहे.

मी दरवर्षी थंडी ओसरली की नागपूरहून येते आणि गणपतीच्या सुमारास परत जाते. माझ्यासारख्या आयाबापांचे इथे थवेच उतरतात. कोणाचे आईबाबा केव्हा आहेत ते पाहून ह्या पोरांच्या ट्रिपा ठरतात, कारण मग लेकरं त्यांच्यावर टाकून जाता येतं. एका घरची आजी म्हणजे साऱ्या ग्रुपची आजी. कोणी विचारत नाही, कोणी आभार मानत नाही. येताना एक फुलांचा गुच्छ आणतात, तो पाण्यात ठेवायलाही मलाच उठावं लागतं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च मात्र वेगळा होता. तेव्हा मलाही वाळवंट हवं होतं. हवं म्हणजे काय, जीव टांगला होता माझा त्यात.

शनिवार आमच्याकडेच असायचा. आई आली म्हणजे कोथिंबिरीची सांबारवडी, झुणका, वरणफळं. मंदार आणि श्रुती पुण्याचे, ते जुळ्या पोरांना घेऊन यायचे. नील यायचा. नील इथेच जन्मलेला, त्याचे आईवडील ठाण्याचे; मराठी सगळं कळतं, बोलताना शब्द शोधत बसतो. डोंगरात गाडी चालवणं खरं त्यालाच येतं, बाकीच्यांना फक्त गाडी घेणं येतं. तो बोटाने नकाशावर रेघ ओढायचा. इथे पक्का रस्ता संपतो. इथे टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे दगडांवर पकड येते. दोन जादा चाकं, जादा पेट्रोल, माणशी भरपूर पाणी. आणि खाणीच्या तोंडात पाऊल टाकायचं नाही, लाकडं कुजलेली असतात, आत हवा वाईट असते. मी वाढता वाढता ऐकायची. चांदीच्या खाणी, सोन्याच्या खाणी. खाण आटली, माणसं उठली, घरं उरली. असली गावं बघायला ही पोरं रजा टाकून जाणार होती. आमच्याकडे ह्याला म्हणतात काखेत कळसा अन् गावाला वळसा.

कारण पराग जन्मला तोच खाणीच्या कॉलनीत. चंद्रपूरकडची कोळशाची खाण. हे, म्हणजे परागचे बाबा, खाली ओव्हरमॅन, पाळीवर देखरेख करणारे, होते आणि मी कॉलनीच्या शाळेत मास्तरीण. तीन पाळ्यांचे तीन भोंगे, त्यावर आमचं सगळं घड्याळ. दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. सिगड्यांचा धूर कडुलिंबांच्या खाली साचून राहायचा आणि त्या धुरातून पोरांच्या कंच्यांचा आवाज यायचा. मग जमिनीखालची खाण बंद झाली आणि शेजारची उघडी खाण पसरत आमच्याकडे यायला लागली. क्वार्टरं एकेक करून रिकामी झाली. रिकाम्या घराचं आधी दार जातं, मग खिडकीची चौकट, मग नळ. आमच्या शाळेत गाई बसायच्या. फळ्यावर माझ्याच हातची भागाकाराची गणितं होती, ती पुसायलाही कोणी उरलं नव्हतं.

"आजी, आर देअर रिअल गोस्ट्स देअर?" माझी नात इरा विचारायची. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

"नाही गं. भुतं माणसांच्या गावात असतात. तिथे काहीच नसतं."

"देन व्हाय इज बाबा गोइंग?"

"तेच तर मीही विचारते."

त्या शनिवारांत एकदा मंदार तोंडात घास ठेवून मला म्हणाला, "काकू, बेस्ट पार्ट काय माहीत आहे का? चार दिवस रेंज नाही! नो कॉल्स, नो ऑफिस. इथे कोणी मेलं तरी आम्हाला कळणार नाही!" आणि हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला. श्रुतीने त्याला कोपर मारलं. पराग नकाशाकडे बघत होता. मी पोळी त्याच्या ताटात टाकली आणि आत गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.

हे गेले तेव्हा पराग अशाच एका ट्रिपवर होता. ऑरेगनच्या कुठल्याशा कोरड्या डोंगरात, लॉन्ग वीकेंडला, तंबू घेऊन. इकडे मे अखेरचा नवतपा लागलेला, ऊन नुसतं जाळणारं, कॉलनीची वीज तोडलेली. ह्यांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं, नागपूरला फ्लॅट घेऊन ठेवला होता, पण हे निघायला तयार नव्हते आणि क्वार्टर रिकामं करा म्हणायला तिथे ऑफिसच उरलं नव्हतं. दुपारी छातीत दुखायला लागलं. गाडी बोलावली तर उघड्या खाणीने रस्ता मध्येच तोडलेला, गाडी पलीकडे अडकून राहिली. मी पाण्याच्या टाकीच्या चबुतऱ्यावर उभी राहून परागला फोन लावत होते. फोनमधली ती रेकॉर्ड केलेली बाई तेच तेच इंग्रजी वाक्य बोलायची. आमच्या ओसाड कॉलनीत रेंज होती. माझ्या पोराच्या अमेरिकेत नव्हती.

घरात आले की हे खाटेवरून विचारायचे, "पराग निघाला का?" मी म्हणाले, "निघाला." थोड्या वेळाने पुन्हा, "निघाला का?" मी म्हणाले, "विमानात बसलाय." अख्खी दुपार त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. दिवस मावळायला गेले. अग्नी पुतण्याने दिला. पराग डोंगरातून उतरला आणि त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "बाबा झोपेत गेले रे. काही कळलंच नाही त्यांना. तू इथे असतास तरी काय केलं असतंस?" तो फोनवर लहान पोरासारखा रडला. मला वाटलं, बरं केलं मी. आईने लेकराला एवढं तरी द्यावं.

पण खोटं म्हणजे नासकं दूध, ठेवलं की वास मारतं. तो सुखाने झोपतो, ट्रिपा करतो, रेंज नाही म्हणून खूश होतो, आणि ती दुपार माझी एकटीची. मी काय म्हणून एकटीने वाहायची? ते त्याचेही बाप होते ना. मला ते त्याला सांगायचं होतं. पण ह्या घरात सांगायला गेलं की त्याचा फोन वाजतो, इराला दूध हवं असतं, केतकी, माझी सून, मीटिंगमधून खाली येते. मला एक ओसाड जागा हवी होती, जिथे आम्ही दोघं दार नसलेल्या एखाद्या घरासमोर उभे राहू, त्याच्या खिशात वाजणारं काही नसेल आणि मी त्याचा हात धरून सांगेन. हात धरून, हं. तेव्हा माझ्या मनात राग नव्हता.

म्हणून पुढच्या शनिवारी मी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी पण येते."

मंदार म्हणाला, "काकू, तिथे बाथरूम नसतं."

"माझ्या लग्नानंतर पाच वर्षं माझ्याकडेही नव्हतं."

"आणि किड्स?" श्रुती पटकन म्हणाली. तेच तर.

"तुझी आई येतेय ना एप्रिलमध्ये," मी म्हणाले. तिचं तोंड जरा उतरलं. आपल्या आईला तीन पोरं नको, माझ्यावर चालतात.

नील मात्र हसला. "व्हाय नॉट? काकू मायनिंगवाल्या आहेत. माझ्या गाडीत जागा आहे." आणि तिथल्या तिथे त्याने मला त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. पराग म्हणाला, "बघू." मी ते 'बघू' ऐकलं नाही असं केलं.

सांगते, तो महिना माझा फार सुखाचा गेला. केतकीबरोबर जाऊन घोट्यापर्यंतचे बूट आणले. रोज छत्री घेऊन इथल्या वस्तीला फेऱ्या मारायची. शेजारची गोरी म्हातारी हात करायची, मी म्हणायची, "नेवाडा! नेवाडा!" ती काय समजायची देव जाणे. एका रविवारी नीलने सराव म्हणून आम्हाला डोंगराच्या पायथ्याच्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर नेलं. त्याची गाडी इतकी उंच की चढायला त्याने माझ्यासाठी एक छोटं स्टूल आणलं होतं. खड्डे, चिखल, काचेवर फांद्या. पहिल्या धक्क्याला मी मायबाई म्हणून ओरडले आणि दुसऱ्याला म्हणाले, "आणखी जोरात, नील!" पुढे बसलेल्या परागने वळून पाहिलं आणि तो खदखदून हसला. बाबा गेल्यावर माझ्याकडे बघून तो असा हसलाच नव्हता. त्या क्षणी मला वाटलं, होईल. सांगून होईल आणि तरी आम्ही मायलेक राहू.

आता त्या पोरांच्या लोकशाहीबद्दल. ह्यांचं सगळं मतदानाने चालतं. पॉटलकला रस्सा की पनीर, मतदान. गणपतीला मोदक की बर्फी, मतदान. एकमेकांच्या तोंडावर 'नको' म्हणायला ह्यांची जीभ उचलत नाही, म्हणून मोबाइलवर पर्याय टाकतात आणि बोट लावतात. आणि ह्यांचा दुसरा उद्योग म्हणजे एका ग्रुपमधून कोणाला तरी वगळून दुसरा ग्रुप करणं. ज्याला वगळलं त्याला पहिल्यात ठेवतात, म्हणजे त्याला कळत नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, मी इराच्या स्कूलबसची वाट बघत खिडकीत बसले होते. फोन वाजला. श्रुतीने लिहिलं होतं, काकूंना न्यायचं का, प्लीज बी ऑनेस्ट. खाली दोन पर्याय, 'हो' आणि 'नको, रिस्की आहे'. मला आधी वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. मग बघता बघता 'नको'खाली श्रुतीचा गोल फोटो आला. मग मंदारचा. मग केतकीचा. केतकी वरच्या खोलीत बसून काम करत होती. एक जिना उतरून मला सांगितलं असतं, तर मी चहा टाकला असता आणि ऐकून घेतलं असतं.

तरी मी म्हटलं, असू दे. परक्या घरच्या पोरी, परका मंदार. मी परागच्या मताची वाट बघत बसले. बस आली, इरा उतरली, दारात बूट काढत काहीतरी सांगायला लागली, मी हूं हूं करत फोन धरून होते. आणि त्याचा फोटो आला. इराला खांद्यावर घेतलेला, मीच काढलेला. 'नको'खाली.

मग मीही बोट लावलं. 'हो'खाली माझा जास्वंदीचा फोटो उमटला, एकटाच; नीलने अजून पाहिलंही नसेल. दोन मिनिटांत ते सगळं पुसलं गेलं आणि श्रुतीचा निरोप आला, सॉरी, राँग ग्रुप. म्हणजे राइट ग्रुप दुसरा होता. मी इराला दूध दिलं. थोडं ओट्यावर सांडलं, ते पुसून घेतलं.

संध्याकाळी पराग आला तो बूटही न काढता दारातच उभा राहिला. त्याला कळलं होतं.

"आई, तिथून हॉस्पिटल कित्येक तास लांब आहे. उन्हात तुला काही झालं तर..."

"ते मंदारचं कारण झालं. तुझं सांग."

तो खाली बसला. बुटांकडे बघत बोलायला लागला, आणि मला वाटलं नव्हतं की माझ्या पोराला इतकं समजतं.

"तुला गाव बघायचं नाहीये, आई. तुला तिथे मला उभं करायचंय. बाबांचं काहीतरी सांगायचंय तुला."

"काय सांगेन मी?"

"माहीत नाही. तू त्या दिवसाबद्दल बोलतेस ना, ते पाठ केल्यासारखं बोलतेस. प्रत्येक वेळी तेच शब्द. मी काय मूर्ख आहे का?" त्याने वर पाहिलं. "मला खरं नकोय. झोपेत गेलेत ना? मला झोपेत गेलेलेच बाबा हवेत. मी वर्षभर ह्या चार दिवसांसाठी थांबतो. तिथे मी कोणाचा कोणी नसतो. तेवढं मला राहू दे, प्लीज."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी त्याच्यासाठी खोटं वाहत होते आणि तो ते बघत होता. ओझं जड आहे हे दिसत असून त्याने कधी हात लावला नाही, वरून म्हणतो, आई, नीट धर, सांडू नको. मला त्याचा इतका संताप आला की मी तिथून उठून गेले. पोटच्या पोराचा तिरस्कार येऊ शकतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. बायका हे बोलत नाहीत. मी बोलते.

ट्रिपला सगळे गेले. मी त्यांच्यासाठी एक पोळी लाटली नाही. केतकीने फ्रोझन पराठे आणले. श्रुतीची आई पाय दुखतो म्हणून आलीच नाही, तेव्हा तिन्ही पोरं माझ्याच गळ्यात. जुळ्यांनी भुताची गोष्ट मागितली. एरवी मी चिंचेवरच्या बावळट भुताची सांगते. त्या वेळी मी त्यांना खाणीत गाडल्या गेलेल्या माणसाची सांगितली, जो खालून अजून टकटक करतो. दोघं रडायला लागले. इरा रडली नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर पाऊस चालूच होता. अधूनमधून मी परागला फोन लावायची, काही काम नसताना, मुद्दाम. ती बाई तेच इंग्रजी वाक्य बोलायची आणि मी ते पूर्ण ऐकून घ्यायची.

परत आले ते रविवारी, चहाच्या वेळेला. गाडी अशी माखलेली की रंग ओळखू येईना. घरभर त्या कोरड्या मातीचा वास, आणि खोटं कशाला बोलू, तो वास मला आवडला. मंदार-श्रुती पोरांना घेऊन गेले. केतकी वर कपडे धुवायला टाकायला गेली. पराग आंघोळ करून सोफ्यावर बसला, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. इरा चार दिवस बापाला पारखी झालेली, ती त्याच्या मांडीवर चढली आणि बघता बघता झोपली. त्याने मला टीव्हीवर फोटो दाखवायला सुरुवात केली. मला गोडीत घ्यायचा विचार होता त्याचा, कळत होतं मला.

छप्पर उडालेली घरं. गंजलेलं यंत्र. डोंगराला पडलेलं भोक. आणि मग तो स्वतः, एका पडक्या घरापुढे, हात पसरून, डोकं मागे टाकून हसताना.

"किती शांत असतं आई तिथे," तो म्हणाला. "काहीच ऐकू येत नाही."

त्या हसण्याकडे मी बघत राहिले. कसं निवांत हसत होता. कोणी त्याला हाक मारत नव्हतं, कोणी त्याची वाट बघत नव्हतं. माझ्या आत जे काही आईचं म्हणून शिल्लक होतं, ते तेव्हा बाजूला झालं.

"थांबव तिथे," मी म्हणाले.

त्याने थांबवलं. माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "आई, नको. प्लीज."

"बाबा झोपेत नव्हते गेले, पराग."

तो उठायला गेला. पण इराचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, तिने झोपेतच त्याच्या शर्टाची मूठ धरली होती. "आई, इरा उठेल," तो पुटपुटला.

"नाही उठणार," मी म्हणाले. त्याच्याजवळ सरकून बसले, आवाज खाली आणला, आणि त्या दुपारपासून सगळं सांगायला सुरुवात केली.